कूलर कुठे ठेवायचा, ते आधी ठरवा

पत्र:

नमस्कार. नाशिकला सातपूर एमआयडीसीत आमचा इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनल बनवायचा कारखाना आहे. बाबांनी पंचवीस वर्षांपूर्वी सुरू केला, चार वर्षांपासून मीही बघते. ऑफिस आणि डिझाइन मिळून बावीस माणसं, शॉपवर, म्हणजे जिथे पॅनल प्रत्यक्ष तयार होतात तिथे, अठ्ठेचाळीस. त्यातल्या चौदा मुली वायरिंगला आहेत. आतापर्यंत डिझाइन एका गाळ्यात आणि शॉप गल्लीच्या दुसऱ्या टोकाला होतं, दोन्ही भाड्याचे. आता स्वतःच्या प्लॉटवर शेड उभी राहतेय आणि आतल्या कामासाठी पंचवीस लाख बाजूला काढलेत. डिझायनरने थ्रीडी दाखवलं: वरच्या मजल्यावर ओपन ऑफिस, बीन बॅग, टेबल टेनिस, 'कोलॅबरेशन झोन', प्रत्येक डिपार्टमेंटला कॉफी मशीन, स्टाफचं कॅन्टीन वर, वर्कर्सचं खाली. दिसायला छान आहे. पण आमचं खरं दुखणं हे की माणसं एकमेकांशी बोलतच नाहीत. डिझाइनची मुलं हेडफोन लावून बसतात, शेजारच्याला व्हॉट्सॲप करतात, डबा स्क्रीनसमोर खातात. ड्रॉइंगमधली चूक शॉपला कळते तेव्हा पत्रा कापून झालेला असतो. गेल्या वर्षी तीन इंजिनिअर सोडून गेले. त्यातली एक जाताना म्हणाली, 'दोन वर्षं झाली, पण माझी इथे कुणाशी ओळखच झाली नाही.' बाबा म्हणतात, माणसं कामाला येतात, गप्पा मारायला नाही. नव्या जागेने फरक पडेल का? आणि पैसे कशावर घालू?

– एक वाचक, नाशिक

उत्तर:

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण शेड अजून उभी राहतेय. मला येणारी अशी बहुतेक पत्रं फरशी बसल्यावर येतात.

जागेनं फरक पडतो. मात्र थ्रीडीत जे रंगीत दिसतं त्याने तो पडत नाही. माणसं खास भेटायला बांधलेल्या जागी जाऊन भेटत नाहीत. ती पाणी प्यायला उठल्यावर भेटतात, चहाच्या किटलीपाशी भेटतात, बेसिनवर हात धुताना, जिन्यात, डबा गरम करायच्या रांगेत भेटतात. म्हणून डिझायनरकडून थ्रीडी नको, साधा नकाशा मागून घ्या आणि पेन्सिलने त्यावर तीन रेषा काढा. डिझाइनमधला मुलगा पाण्याला कुठून कुठे जाईल, वायरिंगमधली मुलगी कुठून जाईल, टेस्टिंगचा माणूस कुठून. या रेषा दिवसातून दोन-तीनदा एकमेकींना छेदत असतील तर निम्मं काम झालं. तुम्ही वर्णन केलेल्या नकाशात त्या कुठेच छेदत नाहीत. वर कॉफी, वर कॅन्टीन, बहुधा टॉयलेटही वर. खाली सगळं वेगळं. आज दोन्हींमध्ये गल्ली आहे, उद्या जिना असेल. तेवढ्यासाठी प्लॉट घेतला नव्हता ना?

अंतराची ही गोष्ट वाटते त्यापेक्षा फार कडक आहे. एमआयटीचे टॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात संशोधन विभागांतल्या इंजिनिअरांचा अभ्यास केला. कोण कोणाशी आठवड्यात कामाचं बोलतो आणि दोघांच्या टेबलांमध्ये अंतर किती, एवढंच मोजलं. अंतर वाढतं तसं बोलणं हळूहळू कमी होत असेल अशी आपली समजूत असते. ते प्रत्यक्षात धाडकन पडतं. पहिल्या पंचवीस-तीस मीटरमध्येच बरंचसं संपतं. पन्नास मीटरच्या पुढे गेलं की तो माणूस त्याच इमारतीत बसतो की दुसऱ्या गावात, याने फारसा फरक पडत नाही. मधे मजला आला तर आणखी वाईट. आणि फोन आहे, मेसेज आहे, मग काय बिघडलं, हा युक्तिवादही टिकत नाही. ज्यांच्याशी आपण समोरासमोर बोलतो त्यांनाच आपण फोनही जास्त करतो. अनोळखी फोरमनला कोण कशाला फोन करेल?

तेव्हा माझी पहिली सूचना, आणि सगळ्यात महत्त्वाचीही: डिझाइनला वरच्या मजल्यावर नेऊ नका. खालीच, शॉपच्या कडेला, काचेची भिंत असलेल्या खोलीत बसवा. अकाउंट्स, परचेस, सेल्स खुशाल वर जाऊ देत; त्यांचं रोजचं काम बाहेरच्या लोकांशी आहे. तुमच्या धंद्यात चूक कशी होते ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. स्क्रीनवर पॅनल समोरून उघडं दिसतं, सगळं बसतं. प्रत्यक्षात वायरिंगच्या मुलीचा हात टर्मिनल आवळायला आत जात नाही, कारण मधे वायरी न्यायचा डक्ट येतो. किंवा साइटवर केबल खालून येणार असते आणि केबल आत घ्यायची ग्लँड प्लेट वर काढलेली असते. हे तिला पॅनल बघताक्षणी कळतं. डिझाइनच्या मुलाला ते कळायला तिच्या शेजारी उभं राहावं लागतं. ती जागा पंधरा पावलांवर असेल तर तो उभा राहील. जिना उतरून, चपला बदलून, सुपरवायझरला विचारून जावं लागणार असेल तर 'नंतर बघू' म्हणेल, आणि तोवर पत्रा कापला जाईल.

आवाजाची भीती असेल तर पंचिंग, बेंडिंग आणि ग्राइंडिंग प्लॉटच्या लांबच्या टोकाला घ्या. पावडर कोटिंगही तिकडेच, त्याचा वास आणि ओव्हनची धग दोन्ही दूर राहतात. वायरिंग आणि टेस्टिंग ही त्यातल्या त्यात शांत कामं, ती डिझाइनच्या काचेला लागून येऊ देत. आणि काचेच्या दाराशी एक उंच टेबल ठेवा, उभं राहून वापरायचं. खुर्च्या नकोत, खुर्ची आली की मीटिंग होते. नव्या ऑर्डरचं जीए ड्रॉइंग, म्हणजे पॅनलची एकूण मांडणी दाखवणारं चित्र, पत्रा कापायच्या आदल्या दिवशी मोठ्या कागदावर छापून तिथे पसरायचं आणि फॅब्रिकेशन, वायरिंग, टेस्टिंग यांतल्या एकेकाने लाल पेन घेऊन त्यावर खुणा करायच्या. हे टेबल तुमचा सुतार दोन दिवसांत करून देईल. डिझायनरचा 'झोन' तुम्हाला जे देणार म्हणतो ते बहुतेक इथेच मिळेल.

आता ओपन ऑफिस. भिंती काढल्या की माणसं बोलतील, हे ऐकायला इतकं पटतं की कुणी तपासायच्या भानगडीत पडत नाही. हार्वर्डच्या एथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी तपासलं. दोन मोठ्या कंपन्यांच्या मुख्यालयांत भिंती काढण्याआधी आणि काढल्यानंतर कर्मचाऱ्यांच्या गळ्यात सेन्सर अडकवून त्यांनी मोजमाप केलं आणि २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं होतं. ईमेल आणि मेसेज वाढले होते. कारण समजायला कठीण नाही. सगळ्यांच्या देखत बोललं की चाळीस कान ऐकतात, साहेब बघतात, शेजारच्याचं लक्ष उडतं. मग माणूस आपली भिंत आपणच उभी करतो: हेडफोन लावतो. तुमच्या मुलांचे हेडफोन म्हणजे उद्धटपणा समजू नका. सर्किट ड्रॉइंग काढताना शेजारी कुणी पेमेंटसाठी फोनवर ओरडत असेल तर दुसरं काय करणार? मशीनचा एकसुरी आवाज माणूस विसरतो, पण कळणाऱ्या भाषेतलं बोलणं कानाआड करता येत नाही.

म्हणून डिझाइनच्या खोलीत छातीच्या उंचीचे पार्टिशन, चार-चार जणांचे गट, आणि छताला आवाज शोषणाऱ्या मिनरल फायबरच्या टाइल्स. जिप्समचं गुळगुळीत छत दिसतं छान, पण आवाज परत खाली फेकतं. त्याच्या जोडीला दार लावता येईल अशा दोन छोट्या खोल्या हव्यात: एक फोनवर बोलायला, एक गप्प बसून काम करायला. या दोन खोल्यांवर पैसे घालताना हात आखडू नका. एकटं बसायची सोय असलेली माणसंच बाहेर आल्यावर मोकळेपणी बोलतात. जिथे दिवसभर अंगावर माणसं असतात, तिथे सुटी झाली की माणूस कोपरा शोधतो आणि मोबाइल काढतो.

टेबल टेनिस सरळ काढून टाका. सत्तर माणसांत खेळणारे चार निघतील, तेही तुम्ही किंवा बाबा समोर असताना बॅट हातात घेणार नाहीत. चेंडूच्या टकटकीने बाकीचे वैतागतील, आणि सहा महिन्यांत टेबलावर जुन्या फायली आणि दिवाळीचे गिफ्ट बॉक्स येतील. बीन बॅगबद्दल एवढंच सांगतो की साडी किंवा कुर्ता घातलेल्या बाईला त्यातून उठायला कसं जमेल, याचा विचार ते निवडणाऱ्याने केलेला नसतो.

कॉफी मशीन प्रत्येक डिपार्टमेंटला नको. एका औषध कंपनीत दर सहा माणसांमागे एक कॉफी मशीन होतं. ज्याची त्याची मंडळी आपापल्या मशीनपाशी. कंपनीने ती काढून १२० माणसांमागे एक अशी मोठी मशीन बसवली आणि मोठं कॅफेटेरिया बांधलं. पुढच्या तिमाहीत विक्री २० टक्क्यांनी वाढली, असं हे उदाहरण सांगितलं जातं. विक्री कॉफीनेच वाढली असं मी म्हणणार नाही, एका तिमाहीत शंभर गोष्टी घडतात. पण वेगळ्या खात्यांतली माणसं एका रांगेत उभी राहू लागली, एवढं तर नक्की. तुमच्याकडे चहा एकाच ठिकाणी मिळू दे, थंड पाण्याचा कूलरही तिथेच, शॉप आणि ऑफिस यांच्या बरोबर मधे. साहेबांचा चहा ट्रेमधून केबिनमध्ये जायची पद्धत असेल तर तीही त्याच दिवशी बंद करा. पाहुणे असतील तेव्हा ठीक आहे.

पण कूलर मधे आणला आणि सुट्टीच्या वेळा वेगवेगळ्या ठेवल्या, तर काही होणार नाही. मला शंका आहे की तुमच्याकडे शॉपचा चहा साडेदहाला भोंगा वाजला की, आणि ऑफिसचा ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा. जेवण शॉपचं साडेबाराला, ऑफिसचं दीडला. यात बदल करायला एक रुपया लागत नाही आणि फायदा सगळ्यात जास्त. बाबांना पटवायला एक आकडा देतो. एमआयटीचे ॲलेक्स पेंटलंड यांच्या गटाने अमेरिकेतल्या एका बँकेच्या कॉल सेंटरमध्ये बघितलं की एका टीमच्या माणसांना सुट्टी मुद्दाम वेगवेगळ्या वेळी दिली जाते, फोन घ्यायला कुणीतरी असावं म्हणून. त्यांनी व्यवस्थापकाला सांगून पूर्ण टीमची कॉफीची वेळ एक करून घेतली. एक कॉल निपटायला लागणारा सरासरी वेळ आठ टक्क्यांनी कमी झाला; ज्या टीम मागे होत्या त्यांच्यात तर वीस टक्क्यांहून जास्त. पाच मिनिटांच्या गप्पांत 'तसला ग्राहक आला की मी असं करते' हे एकीकडून दुसरीकडे जातं. ते कुठल्याही ट्रेनिंगच्या वहीत नसतं. बाबा ज्याला गप्पा म्हणतात त्यातल्या पुष्कळशा गप्पा म्हणजे फुकट मिळणारं ट्रेनिंग आहे.

आता कॅन्टीन, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या नकाशातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट हीच. वर स्टाफ, खाली वर्कर. ही रेघ एकदा सिमेंटमध्ये काढली की पुढची तीस वर्षं पुसता येत नाही. दोन कॅन्टीन बांधण्याचा खर्चही दुप्पट: दोन सिंक, दोन ड्रेनेज, दोन फ्रिज. एकच बांधा, खाली, चांगलं प्रशस्त, आणि त्यात सगळे: तुम्ही, बाबा, अकाउंटंट, वायरमन, ड्रायव्हर, गेटवरचा सिक्युरिटीवाला, कंत्राटी हमालसुद्धा. खंडेनवमीला मशीनची पूजा झाल्यावर सगळे एका पंगतीला बसतातच ना तुमच्याकडे? त्या दिवशी डिझाइनच्या मुलांना शॉपवरच्या माणसांची नावं कळतात. वर्षातून एकदाच कशाला?

एकत्र जेवण हा नुसता गोडगोड विचार नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या केविन निफिन यांच्या गटाने एका मोठ्या शहरातल्या अग्निशमन केंद्रांचा अभ्यास केला, २०१५ मध्ये तो आला. ज्या तुकड्या एकत्र स्वयंपाक करून एकत्र जेवत, त्यांचं काम त्यांचे अधिकारी जास्त चांगलं मानत. आगीत शिरणाऱ्यांना जे लागू, ते पॅनलवाल्यांना का नसावं?

पण एकत्र कॅन्टीन म्हटलं की आपल्याकडे जो प्रश्न उठतो तो तुम्ही पत्रात लिहिला नाहीत, तरी तो येणारच: शाकाहारी-मांसाहारी. माझं मत स्पष्ट आहे. दोन मायक्रोवेव्ह घ्या, त्यातल्या एकावर 'फक्त शाकाहारी' लिहायला माझी हरकत नाही. कुणाच्या श्रद्धेला उगाच डिवचण्यात अर्थ नाही. टेबलं मात्र वेगळी करायची नाहीत आणि कुठल्याही टेबलावर पाटी लावायची नाही. टेबल वेगळं झालं की काही दिवसांत डबाच नाही, डबा आणणाराही वेगळा होतो, आणि त्या पाटीमागून काय काय आत येतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. सहा-आठ जणांची टेबलं ठेवा. चौघांच्या टेबलावर ठरलेले चौघेच बसतात, नवा माणूस घुसू शकत नाही. लांबलचक टेबलावर मात्र टोकाला बसणाऱ्याला फक्त शेजारी मिळतो.

बेसिन आत, भिंतीला ओळीने पाच-सहा. ग्रीस धुवायचा साबण आणि साधा साबण दोन्ही. शॉपच्या माणसाला आपले हात आणि कपडे मळके असल्याचा संकोच असतो आणि म्हणून तो ऑफिसच्या माणसाशेजारी बसत नाही. ही गोष्ट कुठल्याच थ्रीडीत दिसत नाही. डेस्कवर डबा खायला मनाई करा, पण कॅन्टीन झाल्यावरच.

आणि कॅन्टीनमध्ये कॅमेरा लावू नका. तुमच्या यादीत सीसीटीव्ही असणारच. स्टोअर, गेट, डिस्पॅच इथे हवेत. पण बरेच मालक जेवायच्या जागीही लावतात आणि मोबाइलवर बघत बसतात. एमआयडीसीत गेटबाहेरची टपरी इतकी का चालते, तिथला चहा तर पाणचट असतो? कारण तिथे साहेबांचा डोळा नसतो. टपरीशी भांडू नका, चहाला जाता-येता हजेरीचं कार्ड पंच करायलाही लावू नका. जी दोन खाती बाहेर टपरीवर भेटतात ती आत भेटायला तयार असतात, फक्त आत कुणी टिपून ठेवत नाही एवढा विश्वास त्यांना बसावा लागतो.

कॅन्टीनला लागून पूर्वेला एक व्हरांडा काढा, आठ-नऊ फूट खोल, बसायला कठडा, समोर दोन झाडं. नाशिकच्या हवेत वर्षातले बरेच महिने बाहेर बसता येतं आणि दुपारनंतर पूर्वेला सावली असते. पुण्यात आयुकाचं आवार बघितलं असेल तर मी काय म्हणतो ते कळेल. १९८८ मध्ये जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने स्थापन झालेली खगोलशास्त्राची संस्था, वास्तुकार चार्ल्स कोरिया. मधे पायऱ्यांचं कुंड आहे, आवारात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे. खोल्यांइतकाच विचार खोल्यांमधल्या मोकळ्या जागेचा केलाय. तुम्हाला कुंड नको, पण झाड हवंच. रॉजर उलरिक यांचा १९८४ चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे: शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत ते विटांची भिंत बघणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. दिवसभर टर्मिनलचे नंबर वाचणाऱ्या डोळ्यांनाही तेवढा हिरवा तुकडा मिळू दे.

टॉयलेटबद्दल एक किस्सा. स्टीव्ह जॉब्जने पिक्सार या ॲनिमेशनपट बनवणाऱ्या कंपनीची कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलची इमारत बांधताना (२००० मध्ये ती सुरू झाली) ठरवलं होतं की सगळ्या इमारतीला मिळून टॉयलेट फक्त मधल्या चौकात असावीत, म्हणजे सगळ्यांना तिथे यावंच लागेल आणि गाठीभेटी होतील. कर्मचारी भडकले. एका गरोदर कर्मचारी बाईंनी तर दर वेळी एवढं चालायला लावणं योग्य नाही असं सुनावलं, आणि बेत बदलावा लागला. धडा सोपा आहे: पाण्याने, चहाने, जेवणाने माणसांना चालायला लावा, लघवीसाठी लावू नका. मुलींसाठी स्वच्छ टॉयलेट वायरिंगच्या जवळ हवं, दार थेट शॉपकडे उघडणारं नको, आत सॅनिटरी पॅड टाकायची सोय, एक हूक, एक फळी, आणि दिवसातून दोनदा सफाई. चौदा मुलींपैकी किती जणी दिवसभर पाणी कमी पितात ते एखादीला विश्वासात घेऊन विचारा. टॉयलेट जिथे वाईट असतं तिथे बायका तेच करतात, आणि मग तुमचा मधोमध ठेवलेला कूलर त्यांच्या काय कामाचा?

कायद्याचं थोडक्यात. १९४८ च्या कारखाना कायद्यात पिण्याचं पाणी टॉयलेटपासून निदान सहा मीटर लांब असावं असा नियम होता. आजही नकाशा काढताना तो पाळायलाच हवा. कॅन्टीन त्या कायद्याने २५० हून जास्त कामगारांना सक्तीचं होतं. त्याची जागा घेणाऱ्या, कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य यांबद्दलच्या २०२० च्या संहितेत ही मर्यादा १०० वर आली आहे, आणि पाळणाघर व विश्रांतीच्या खोलीच्या तरतुदी ५० च्या पुढे सुरू होतात. तुम्ही सत्तर आहात. फॅक्टरीचे कागद बघणाऱ्या कन्सल्टंटला आताच विचारून ठेवा, खोली नंतर काढणं महाग पडतं.

वर एसी, खाली पत्रा, हे असताना दोन्हीकडच्या माणसांनी मैत्री करावी ही अपेक्षा चुकीची आहे. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते तुम्ही रोज बघता. म्हणून छताच्या पत्र्याखाली इन्सुलेशन, वरून पांढरा उष्णतारोधक रंग, टर्बो व्हेंटिलेटर, आणि वायरिंगच्या रांगेवर मोठे पंखे, हा खर्च बीन बॅगच्या आधी येतो. उजेडासाठी गिरणगावच्या जुन्या गिरण्यांचं छत आठवा, करवतीच्या दात्यांसारखं: काच उत्तरेकडे, म्हणजे ऊन आत येत नाही, उजेड दिवसभर एकसारखा. तुमच्या शेडचं छत अजून चढलं नसेल तर निदान वायरिंगपुरता असा उत्तरेचा उजेड मिळतो का ते स्ट्रक्चरवाल्याला विचारा. वायरचे रंग ओळखायचं काम आहे ते.

आता बाबा. त्यांच्याशी वाद घालू नका, कारण ते जे म्हणतात ते त्यांनी स्वतः कधी पाळलेलं नाही, असा माझा अंदाज आहे. पंधरा माणसं होती तेव्हा बाबाच सकाळी डिझाइनच्या टेबलावर आणि दुपारी शॉपवर असत. इकडचं तिकडे तेच पोचवत. त्यांना प्रत्येक वायरमनचं नाव, गाव, मुलाची दहावी माहीत असेल. त्या वेळी वेगळा पॅसेज लागत नव्हता, बाबाच पॅसेज होते. सत्तर माणसांना ते एकट्याने पुरे पडणार नाहीत, आणि हे त्यांना दुखावून सांगायची गरज नाही. त्यांना एवढंच विचारा: 'बाबा, गेल्या वर्षी पत्रा पुन्हा कापावा लागला अशा ऑर्डर किती?' तो आकडा आणि वाया गेलेल्या मालाची किंमत एका कागदावर लिहून समोर ठेवा. आणि त्यांची केबिन वरच्या मजल्यावर कोपऱ्यात न करता खाली, त्या उंच टेबलाच्या जवळ मागा. दारासमोर मात्र नको. येणारा-जाणारा प्रत्येक जण साहेबांच्या नजरेखालून जाणार असेल तर तो मार्ग ओस पडतो. शॉपवर फेरी मारायची त्यांची सवय मोडू देऊ नका. फक्त चहाच्या सुट्टीत त्यांनी कुणाला 'ते काम झालं का?' विचारायचं नाही, एवढं कबूल करून घ्या. जमेल त्यांना, थोडं जड जाईल.

एक गोष्ट जागेने सुटणार नाही, तीही सांगून टाकतो. सोडून गेलेल्या तिघांचे पगार, रात्री आठपर्यंत थांबवणं, सगळ्यांसमोर बोलणी खाणं, असं काही असेल तर ते कॅन्टीनने भरून निघत नाही. ती जी म्हणाली की ओळख झाली नाही, तिला फोन करून विचारा की पहिल्या आठवड्यात तिला शॉप कुणी दाखवलं होतं. कुणीच नसेल, तर यापुढे नव्या इंजिनिअरचे पहिले पंधरा दिवस वायरिंगच्या मुलींबरोबर, हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन. ओळख आपोआप होते, आणि डक्ट कुठे आडवा येतो तेही कळतं.

पंचवीस लाखांच्या खर्चाचा मी क्रम असा लावेन: छत आणि हवा, टॉयलेट, कॅन्टीन आणि व्हरांडा, डिझाइनच्या खोलीचा आवाज आणि त्या दोन बंद खोल्या. रिसेप्शनची भिंत, लोगो, लाकडी पॅनलिंग सगळ्यात शेवटी. आणि पाच लाख हातात ठेवा, खर्चूच नका. राहायला गेल्यावर तीन-चार महिन्यांत दिसेल की माणसं तुम्ही योजलेल्या जागी बसत नाहीत, भलत्याच जिन्याच्या पायरीवर किंवा स्टोअरच्या कट्ट्यावर बसतात. त्यांना तिथून हटवू नका. तिथेच पंखा लावा, बाक टाका, चहाची किटली तिकडे न्या.

डिझायनर चांगला असेल तर हे सगळं ऐकून त्याला राग येणार नाही. पण त्याच्याशी पुढची बैठक घ्यायच्या आधी एक फोन प्लंबरला करा. ड्रेनेजचे पाइप जमिनीत गेले की कॅन्टीन, बेसिन आणि मुलींचं टॉयलेट कुठे असणार ते ठरून गेलेलं असतं, मग नकाशावर कितीही पेन्सिल फिरवा. काम सुरू झालं असेल तर आठवडाभर थांबवा, आणि या आठवड्यात वायरिंगच्या दोन मुली, शॉपचा फोरमन आणि डिझाइनमधला एक जण अशा चौघांना प्लॉटवर घेऊन जा. जमिनीवर चुन्याने खोल्या आखून घ्या आणि त्यांना त्यातून चालायला सांगा: टेबलापासून पाण्याला, पाण्यापासून जेवायला, तिथून परत. अडेल तिथे तेच सांगतील.